थेट प्रक्षेपणाचा संगणक आणि त्याचा प्रोसेसर

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां दूरच्या माणसाच्या कानीं गवयाचा आवाज पोंचविण्यासाठीं उंच मनोरा, शक्तिमान प्रक्षेपक आणि पगारी तज्ज्ञांचा ताफा लागत असे. मुंबईच्या स्वतःच्या केंद्रावरून चित्रासह प्रक्षेपण व्हावयास तर २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. आज तेंच काम एखाद्या तालुक्याच्या गांवचें वाचनालय, गायनसमाज किंवा व्याख्यानमालेचें मंडळ सभागृहाच्या कोपऱ्यांत एक टेबल टाकून करूं शकतें. एक कॅमेरा, एक मायक्रोफोन, इंटरनेटची एक जोडणी आणि एक संगणक एवढ्या सामग्रीवर गांवांतली मैफल परदेशीं गेलेल्या मुलालेकींच्या घरांत त्याच क्षणीं दिसूं लागते.

अशा कामासाठीं स्वतंत्र संगणक घ्यावा असें मंडळाच्या बैठकींत ठरलें, म्हणजे पहिला वाद होतो तो प्रोसेसरवरून. दुकानदार सर्वांत महाग मॉडेल पुढें करतो. एखादा तरुण सभासद सोळा कोअरांच्या खालीं उतरावयास तयार नसतो. खजिनदार वर्षाच्या वर्गणीचा आकडा मनांत घोळवीत गप्प बसतो. या तिघांपैकीं कोणीही सर्वस्वीं चुकीचा नसतो. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर आधीं मिळावयास हवें, तो प्रश्नच तेथें कोणी विचारलेला नसतो. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेनें प्रोसेसरवर जास्तीचे पंधरा-वीस हजार रुपये घातले, तर तेवढे पैसे मायक्रोफोनच्या, बॅटरीच्या किंवा इंटरनेटच्या दुसऱ्या जोडणीच्या वांट्याचे गेले असें समजावें. उलट फारच दुबळें यंत्र घेतलें आणि ऐन रंगांत चित्र अडखळूं लागलें, तर तीच मैफल पुन्हां भरवितां येत नाहीं. म्हणून या निवडीमागचें तत्त्व नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम या संगणकाला काम तरी काय करावें लागतें, तें पाहूं. हल्लीं सर्वसाधारण मानलें जाणारें चित्र १९२० बिंदु रुंद आणि १०८० बिंदु उंच असतें. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु झाले. हालचाल सलग दिसावी म्हणून अशीं तीस चित्रें दर सेकंदास घ्यावीं लागतात. यांतील प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. तीस फ्रेमांचे मिळून सेकंदाला ६,२२,०८,००० बिंदु होतात. नेहमींच्या पद्धतीनें प्रत्येक बिंदूमागें सरासरी बारा बिट धरले, तर सेकंदाला सुमारें पाऊणशें कोटी बिट इतका हा लोंढा भरतो. इंटरनेटवरून मात्र असें प्रक्षेपण सामान्यतः चाळीस ते साठ लाख बिटांच्या प्रवाहांतून पाठविलें जातें. मध्यम आकडा पन्नास लाखांचा धरला, तर मूळ मजकुराचा दीडशेंवा हिस्सा ठेवून बाकीचा गाळावयाचा आणि तरीही पाहणाऱ्यास कांहीं गाळलें आहे असें वाटूं द्यावयाचें नाहीं, असें हें काम आहे. या संकोचनाच्या क्रियेस एन्कोडिंग म्हणतात, व तें करणाऱ्या यंत्रणेस एन्कोडर म्हणतात.

हें संकोचन साधतें कसें? सभागृहांतला मागचा पडदा, समई आणि बैठक हीं एका फ्रेमेंतून दुसरींत जातांना बदलत नाहींत. मग तीं पुन्हां पुन्हां कशाला सांगावयाचीं? एन्कोडर ठराविक अंतरानें, बहुधा दर दोन सेकंदांनीं, एक फ्रेम संपूर्ण लिहून काढतो आणि मधल्या फ्रेमांत केवळ फरक नोंदवितो. गवयाचा हात वर गेला, तर “मागच्या फ्रेमेंतला हा तुकडा इतका सरकला” एवढेंच तो लिहितो. हात कोठून कोठें सरकला याचा शोध घेणें हाच या कामांतला सर्वांत कष्टाचा भाग होय. शोध जितका बारकाईनें घ्यावा, तितकें कमी बिटांत चांगलें चित्र बसतें. पण तितकेंच गणितही वाढत जातें. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं सर्व कार्यक्रम सारख्याच ओझ्याचे नसतात. एका जागीं उभ्या असलेल्या व्याख्यात्याचें चित्र सोपें, लावणीचें अवघड, पालखीवर उधळलेला बुक्का, पुष्पवृष्टि किंवा विसर्जनाच्या वेळचें लाटांचें पाणी सर्वांत अवघड. कारण तेथें प्रत्येक बिंदु निराळ्या दिशेला धांवत असतो, आणि मागच्या फ्रेमेंतलें थोडेंच कामीं येतें.

येथवरचें काम साठवून ठेवावयाच्या चित्रफितीसही लागतेंच. थेट प्रक्षेपणाचा वेगळेपणा त्याच्या मुदतींत आहे. पोथीची नक्कल करणारा लेखक एका पानावर सबंध दिवस घालवूं शकतो. पण व्याख्यान उतरून घेणाऱ्या लघुलेखकाला वक्ता थांबून राहत नाहीं. एक वाक्य चुकलें तरी तें सोडून पुढचें पकडावें लागतें. थेट प्रक्षेपणांतला एन्कोडर हा असा लघुलेखक आहे. सेकंदाला तीस फ्रेमा म्हणजे एका फ्रेमेच्या वांट्यास सरासरी सेकंदाचा तिसावा भाग, सुमारें तेहतीस मिलिसेकंद, येतो. साठ फ्रेमा घ्यावयाच्या ठरविल्या, तर ही मुदत निम्म्यावर येते. काम सतत मागें पडूं लागलें कीं फ्रेमा गळूं लागतात आणि चित्र धक्के खात चालतें. म्हणून या संगणकाची कसोटी एखाद्या क्षणीं दाखविलेल्या शर्यतीच्या वेगावर लागत नाहीं. तीन तास एका चालीनें, एकही मुदत न चुकवितां, तो काम करतो कीं नाहीं यावर लागते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. एन्कोडिंग करावयाचें कोणी? याला दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गांत प्रोसेसरचे सर्वसामान्य कोअर हें गणित करतात. कोअर म्हणजे प्रोसेसरांतील स्वतंत्रपणें काम करणारा कामगार. त्यास हिशेब, लेखन, चित्र, कांहींही सांगावें. तो तें करतो, पण प्रत्येक कामाची पायरी न् पायरी त्याला आज्ञावलींतून सांगावी लागते. दुसऱ्या मार्गांत केवळ एन्कोडिंगसाठींच घडविलेला एक लहानसा विद्युन्मंडलाचा भाग हें काम करतो. त्याला दुसरें कांहीं येत नाहीं. पण जें येतें तें तो अत्यल्प विजेंत आणि कोअरांना फारसा त्रास न देतां उरकतो. सुताराकडून रंध्यानें फळी साफ करून घेणें आणि रंधा मारण्याच्या यंत्रांतून ती काढणें, यांत जो फरक आहे तोच येथें आहे.

सोळा कोअरांचा आग्रह कोठून आला, तें थोड्याशा इतिहासावरून कळतें. आज सर्वत्र चालणारी एच.२६४ ही चित्रसंकोचनाची पद्धति २००३ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. एक्स२६४ या नांवाच्या मुक्त आज्ञावलीनें कोअरांकडून हें काम इतक्या उत्तम रीतीनें करून घेतलें कीं पुढें अनेक वर्षें गुणवत्तेचें माप तिच्यावरूनच ठरत असे. इंटेल कंपनीनें २०११ सालच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांत ‘क्विक सिंक’ या नांवाचा स्वतंत्र एन्कोडर घातला, २०१२ सालीं एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांत ‘एन्व्हेंक’ आला, ए.एम.डी. कंपनीनेंही त्याच सुमारास आपला एन्कोडर पुढें आणला. हे आरंभींचे एन्कोडर चपळ होते, पण त्यांचें चित्र धुरकट येई. ज्यांना संगणकावरील खेळ खेळतां खेळतां लोकांना दाखवावयाचे होते, त्यांची त्यामुळें दुहेरी अडचण झाली. खेळ आणि एक्स२६४ हीं दोन्हीं एकाच प्रोसेसरवर चालविलीं तर दोघांचीही उपासमार होई. म्हणून एक संगणक खेळाचा व दुसरा केवळ प्रक्षेपणाचा, आणि त्या दुसऱ्यांत भरपूर कोअर, अशी रीत पडली. २०१७ सालीं ए.एम.डी.नें रायझन प्रोसेसर काढून आठ कोअर सामान्य ग्राहकाच्या आटोक्यांत आणले, तेव्हां ती रीत अधिकच पक्की झाली.

परंतु परिस्थिति तेथेंच थांबली नाहीं. २०१८ सालीं एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीबरोबर आलेला एन्कोडर थेट प्रक्षेपणांत वापरल्या जाणाऱ्या एक्स२६४ च्या जलद सेटिंगांशीं बरोबरी करूं लागला. इंटेलचा एन्कोडरही पिढीगणिक सुधारत गेला. आज सेकंदाला पन्नास-साठ लाख बिट मिळत असतील, तर व्याख्यान किंवा मैफल पाहणारा सामान्य प्रेक्षक या दोहोंतला फरक सांगूं शकणार नाहीं. तेव्हां सोळा कोअरांचा सल्ला त्याच्या काळीं योग्य होता. पण ज्या अडचणीवर तो उपाय होता, ती अडचण आतां बहुतांशीं उरलेली नाहीं. खेळ दाखविणाऱ्यांतही ज्यांच्या संगणकांत नव्या पिढीचें ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांपैकीं अनेकांना दुसऱ्या संगणकाची गरज राहिली नाहीं.

मग सभागृहासाठीं स्वतंत्र संगणक कशाला? त्याचें कारण निराळें आहे. कचेरींतला संगणक वर्गणीच्या पावत्या, पत्रव्यवहार आणि इतर दहा कामें करीत असतो. ऐन कार्यक्रमांत त्याला स्वतःच्या दुरुस्तीची आठवण होते, विषाणुरोधक आज्ञावली तपासणी आरंभिते, किंवा कोणी तरी त्याच्यावर वक्त्याचीं चित्रें उघडूं पाहतो. एकाच कामास वाहिलेलें यंत्र या सर्व उपद्रवांपासून मुक्त असतें. त्याच्या वेगळेपणाचा लाभ मुख्यतः या शिस्तींत आहे, आणि त्यासाठीं प्रोसेसर महाग असण्याची मुळींच आवश्यकता नाहीं.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : प्रोसेसरच्या कोअरांची संख्या विचारण्यापूर्वीं त्यांत एन्कोडर आहे काय, हें विचारावें. येथें एका अक्षरावरून फसगत होण्याचा संभव असतो. इंटेलचा २०२२ सालचा ‘कोअर आय-५ १२४००’ हा सहा कोअरांचा प्रोसेसर या कामास पुरून उरतो, कारण त्यांत ग्राफिक्सचा भाग व त्यासोबत क्विक सिंक आहे. त्याच नांवापुढें ‘एफ’ हें अक्षर असलेला ‘१२४०० एफ’ थोडा स्वस्त मिळतो. कोअर तितकेच, वेगही तोच. पण त्यांत ग्राफिक्सचा भाग नाहीं, आणि म्हणून एन्कोडरही नाहीं. ए.एम.डी.च्या बाबतींत ‘रायझन ५ ५६००’ यांत ग्राफिक्स नाहीं, ‘५६०० जी’ यांत आहे. २०२२ सालीं निघालेल्या सात हजारांच्या मालिकेपासून तेथील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत लहानसा ग्राफिक्सचा भाग आला. ‘एफ’ अक्षराचे मात्र त्यालाही अपवाद आहेत. निराळें ग्राफिक्स कार्ड घेऊन ही उणीव भरून काढतां येते. पण तेथेंही सावध असावें. २०१७ सालचें ‘जी-फोर्स जी.टी. १०३०’ हें स्वस्त कार्ड दिसावयास एनव्हिडियाचेंच असलें तरी त्यांत एन्व्हेंक नाहीं. असें कार्ड घेतल्यानें पडद्यावर चित्र दिसेल, पण एन्कोडिंगचें ओझें होतें तेथेंच राहील.

एन्कोडर असलेल्या प्रोसेसरांतही किती शक्तीचा घ्यावा हा प्रश्न उरतो. एकच कॅमेरा, एक ध्वनि, खालीं वक्त्याच्या नांवाची पट्टी, एवढाच कार्यक्रम असेल तर इंटेलचा २०२३ सालीं आलेला ‘एन-१००’ हा चार लहान कोअरांचा प्रोसेसरही काम निभावून नेतो. त्याच्या विजेच्या खपाचा नेमलेला आंकडा केवळ सहा वॅट आहे, आणि असा संगणक तळहाताएवढ्या डबींत येतो. पण त्याची मर्यादा लवकर गांठली जाते. दोन-तीन कॅमेरे, वर सरकणारी नांवें, त्याच वेळीं ध्वनिमुद्रण आणि दूरस्थ पाहुण्याशीं संभाषण एवढें त्याच्यावर लादूं नये. त्यासाठीं सहा कोअरांचा मध्यम प्रोसेसर आणि सोळा गिगाबाइट मेमरी हें माप पुरेसें आहे. वापरलेला संगणक घ्यावयाचा तर २०१८ च्या सुमारास कचेऱ्यांत शिरलेले आठव्या पिढीचे सहा कोअरांचे आय-५ हेही या मापांत बसतात. त्याहून जुनें यंत्र घेतांना एक गोष्ट पाहावी : विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागें, फारच थोडे अपवाद सोडल्यास, अधिकृतपणें जात नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स घालून काम भागवितां येतें. पण तें सांभाळणारा माणूस मंडळांत असला पाहिजे.

आतां कोअरांचा मार्ग सर्वथा टाकाऊ झाला काय? तसें नाहीं. ज्या गांवीं इंटरनेटची वर जाणारी गति फार थोडी आहे, सेकंदाला वीस-पंचवीस लाख बिटांवर भागवावें लागतें, तेथें प्रत्येक बिटाचें मोल वाढतें. एक्स२६४ मध्यें ‘व्हेरी फास्ट’, ‘फास्टर’, ‘फास्ट’, ‘मीडियम’, ‘स्लो’ अशा पायऱ्या आहेत. जितकी पायरी सावकाश, तितका सरकलेल्या तुकड्यांचा शोध बारीक आणि तितकें तेवढ्याच बिटांत चित्र स्वच्छ. आठ दमदार कोअर असतील, तर ‘फास्ट’ किंवा ‘मीडियम’ या पायरीवर थेट प्रक्षेपण चालवितां येतें, आणि अरुंद वाटेवर त्याचा लाभ डोळ्यांना दिसतो. मात्र याहीपुढें कोअर वाढवीत गेल्यास लाभ झपाट्यानें घटतो. प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमेवर अवलंबून असल्यामुळें काम हवें तितक्या कामगारांत वांटतां येत नाहीं. एका चुलीवर आठ आचारी उभे केले म्हणून भात आठपट लवकर शिजत नाहीं. एव्ही१ ही २०१८ सालीं जाहीर झालेली नवी पद्धति थोड्या बिटांत अधिक चांगलें चित्र देते, आणि २०२२ पासून निघालेल्या कांहीं ग्राफिक्स कार्डांत तिचा एन्कोडरही आहे. परंतु ज्या सेवेकडे प्रक्षेपण पाठवावयाचें, ती सेवा ही पद्धति स्वीकारते कीं नाहीं हें आधीं विचारावें. पत्र लिहिणाऱ्याला मोडी येऊन भागत नाहीं. घेणाऱ्यालाही ती वाचतां आली पाहिजे.

पैशाची ओढ असेल, तर यंत्र बदलण्यापेक्षां चित्राचें माप बदलण्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. १२८० बाय ७२० या मापांत ९,२१,६०० बिंदु येतात. मोठ्या चित्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळें एन्कोडरचें ओझें आणि इंटरनेटची गरज दोन्हीं एकदम खालीं येतात. गाण्याच्या कार्यक्रमांत चित्र किंचित मऊ झालें तरी रसिक रागावत नाहीं. आवाज तुटला तर मात्र तो उठून जातो. ध्वनीचें एन्कोडिंग चित्राच्या मानानें नगण्य असतें. परंतु प्रोसेसर चित्रामुळें गुदमरला, कीं ध्वनीलाही वेळेवर जागा मिळत नाहीं आणि तानेंत खरखर उमटते. म्हणून आवाजासाठीं प्रोसेसरांत मोकळीक राखणें हेंच पहिलें कर्तव्य होय.

दुकानांतल्या कोष्टकांत न दिसणारीं कांहीं ओझीं असतात, तींही लक्षांत घेतलीं पाहिजेत. कॅमेऱ्याचें चित्र संगणकांत घेणारें जें कॅप्चर कार्ड असतें, त्याचे स्वस्त नमुने यू.एस.बी.च्या दुसऱ्या पिढीवर चालतात. त्या मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला अठ्ठेचाळीस कोटी बिटांची. आणि वर पाहिलेला लोंढा पाऊणशें कोटींचा. तो तेथें मावत नसल्यामुळें कार्ड चित्र आधींच दाबून पाठवितें, आणि संगणकाला तें प्रथम उलगडावें लागतें. असे तीन कॅमेरे जोडले, म्हणजे एन्कोडिंग सुरू होण्यापूर्वींच प्रोसेसर निम्मा थकलेला असतो. यू.एस.बी.च्या तिसऱ्या पिढीचें कार्ड थोडें महाग पडलें तरी प्रोसेसरवरचा खर्च वांचवितें. अनेक चित्रें एकावर एक रचून पडदा तयार करण्याचें काम ग्राफिक्सच्या भागाकडे असतें. तो फारच लहान असेल, तर एन्कोडर मोकळा असूनही चित्र अडतें.

यानंतर उष्णतेचा विचार. प्रोसेसरच्या जाहिरातींत जो वेग छापलेला असतो, तो थोड्या वेळेपुरता असतो. वर सांगितलेल्या १२४०० या प्रोसेसरचा मूळ खप ६५ वॅट, पण जोरांत असतां तो ११७ वॅटपर्यंत जाऊं शकतो. ही उष्णता बाहेर पडली नाहीं आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोंचला, तर स्वतःच्या रक्षणासाठीं तो वेग कमी करतो. वैशाखांतल्या सायंकाळीं, पत्र्याच्या मंडपांत, धुळीनें पंखे भरलेले असतांना हें घडावयास वेळ लागत नाहीं. आणि तें पहिल्या पांच मिनिटांत घडत नाहीं, दुसऱ्या तासाला घडतें. पातळ लॅपटॉपला हा त्रास अधिक. पंखा मोठा आणि संथ असावा हेंही महत्त्वाचें, कारण बैठकीच्या मैफलींत तंबोऱ्याच्या सुराशेजारीं पंख्याची घरघर मायक्रोफोनला स्पष्ट ऐकूं येते. जो प्रोसेसर कमी वीज खातो, तो कमी तापतो, शांत राहतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर अधिक वेळ टिकतो. एन्कोडरचा मार्ग स्वीकारण्याचें हें आणखी एक सबळ कारण. त्या बॅटरीवर इंटरनेटचा राउटरही जोडलेला असावा. नाहीं तर संगणक जागा राहील आणि वाट मात्र बंद पडेल.

खरेदी झाल्यावर, आणि शक्य तर मोबदला पुरा देण्यापूर्वीं, यंत्राची तालीम घ्यावी. नाटकाची रंगीत तालीम घेतात तशी ही पूर्ण असावी : तेच कॅमेरे, त्याच नांवांच्या पट्ट्या, तीच इंटरनेटची जोडणी आणि ठरल्या कार्यक्रमाइतकाच वेळ. प्रक्षेपण खासगी ठेवावें, म्हणजे बाहेर कोणास दिसत नाहीं. कॅमेऱ्यासमोर कोणी तरी वावरत राहावें. रिकाम्या रंगमंचावर घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. या कामासाठीं सर्वत्र वापरली जाणारी ओ.बी.एस. स्टुडिओ ही आज्ञावली विनामूल्य असून तिच्यांत आंकडेवारीची एक खिडकी आहे. तींत गळलेल्या फ्रेमांचे तीन निरनिराळे हिशेब दिसतात. एक एन्कोडिंग मागें पडल्यामुळें वगळलेल्या फ्रेमांचा. हा वाढला, तर दोष एन्कोडरचा किंवा कोअरांचा. दुसरा पडदा रचण्यास उशीर झाल्यामुळें हुकलेल्या फ्रेमांचा. हा वाढला, तर दोष ग्राफिक्सच्या भागाचा. तिसरा जाळ्यांत गळलेल्या फ्रेमांचा. हा वाढला, तर दोष इंटरनेटचा, आणि प्रोसेसर त्यांत सर्वस्वीं निरपराध असतो.

या तीन आंकड्यांचें महत्त्व विशेष आहे. पाहणाऱ्याच्या घरीं चित्र थांबलें म्हणजे तो एवढेंच म्हणतो कीं “अडकलें.” अडकलें कोठें, हें त्याला कळत नाहीं, आणि मंडळालाही कळलें नाहीं, तर सर्वांत आधीं नजर प्रोसेसरवर जाते. पुढच्या वर्षीं वर्गणी जमवून अधिक महाग प्रोसेसर येतो, आणि चित्र पूर्वींच्याच ठिकाणीं पुन्हां थांबतें, कारण वर जाणारी वाट सेकंदाला तीस लाख बिटांची आणि प्रवाह पन्नास लाखांचा, हें गणित तसेंच राहिलेलें असतें. प्रक्षेपणास लागणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट गति वर जाण्यासाठीं मिळावी, आणि ती कार्यक्रमाच्या वेळींच मोजलेली असावी. सकाळीं मोकळ्या जाळ्यावर मोजलेल्या गतीचा संध्याकाळीं भरंवसा धरतां येत नाहीं. तालमींत प्रोसेसरचा वापर शेंकडा साठ-सत्तरच्या खालीं राहिला आणि तिन्ही आंकडे शून्याजवळ राहिले, तर यंत्र योग्य निवडलें गेलें असें समजण्यास हरकत नाहीं.

मंडळाच्या बैठकींत मग प्रश्नांचा क्रम असा लावावा. चित्राचें माप कोणतें आणि फ्रेमा किती? वर जाण्यास वाट किती रुंद? त्या रुंदीस स्वतंत्र एन्कोडर पुरेल, कीं कोअरांकडून बारीक काम करून घ्यावें लागेल? कॅमेरे किती आणि ते कोणत्या कार्डांतून येणार? सभागृह किती तापतें, वीज किती वेळ जाते? या पांचांचीं उत्तरें कागदावर आलीं, म्हणजे प्रोसेसरचें नांव जवळजवळ आपोआप ठरतें. आणि पुष्कळदां तें मंडळानें मनांत धरलेल्या नांवाहून स्वस्त निघतें. उरलेल्या पैशांत गायकापुढें एक चांगला मायक्रोफोन ठेवावा. पलीकडे कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला प्रोसेसर कोणता आहे याचा पत्ताही नसतो. त्याला षड्ज स्वच्छ ऐकूं आला पाहिजे.